माळावरचा धूर आणि मालनबाई

मालनबाई मिसाळ यांचा मला पहिला फोन आला तो मार्चमधल्या एका दुपारी. बारामतीत आम्ही तिघं एका छोट्या कार्यालयातून शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला पाठवतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आमची अकरा केंद्रं आहेत. तिथली यंत्रं दर दहा मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वारा यांचे आकडे पाठवतात. फोन करणारे बहुतेक जण एकच विचारतात, पाऊस कधी. या बाईंनी विचारलं, "सर, आत्ता हवंत वल किती हाय? आन वारा किती?"

"कुठल्या पिकासाठी?" मी म्हणालो.

"पिकासाठी न्हाय. गवतासाठी. आमचा माळ आज पेटला तर किती पळंल, ते बघायचंय."

मी आकडे सांगितले. आर्द्रता सोळा टक्के, वारा ताशी अठरा किलोमीटर, पश्चिमेकडून. पलीकडं पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. "मंजी आज जेवायलाबी खाली उतरायचं न्हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरानं मलाच राहवेना. रविवारी मोटारसायकल काढली आणि निमगाव केतकीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून, त्यांची वाडी शोधत गेलो.

वाडीच्या मागं खडकाळ टेकडी आहे. फार उंच नाही, चढायला दहा मिनिटं पुरतात. पण वर गेलं की चारी बाजूंचा मुलूख तळहातावर असल्यासारखा दिसतो. दक्षिणेला नीरेकाठचे उसाचे हिरवे पट्टे, उत्तरेला लांबवर लोणी देवकरच्या कारखान्यांच्या चिमण्या, आणि मधे मैलोन्‌मैल पसरलेला पिवळा माळ. या माळावर कुसळी गवत गुडघाभर वाढतं आणि होळीनंतर इतकं वाळतं, की चालताना पायाखाली पापडासारखं मोडतं. चिंकारा, खोकड, लांडगे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सगळे त्या गवताच्या भरवशावर जगतात. वाडीतल्या शेळ्यामेंढ्याही.

टेकडीवर बाभळीच्या चार मेढींवर टाकलेल्या छपराखाली मालनबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ. डोक्याला ओला पंचा, शेजारी पाण्याचा ड्रम, मांडीवर वही. बांबूला बांधलेली जुन्या साडीची चिंधी फडफडत होती. मला बसायला त्यांनी पोतं सरकवलं, पण बोलताना नजर माळावरनं हलवली नाही.

"ती चिमणी दिसती का?" त्यांनी उत्तरेकडं बोट केलं. "तिचा धूर सरळ वर गेला तर मी निवांत असती. वाकला तर सावध. आडवाच झाला तर मग रोहिणी मॅडमला फोन."

धुराची त्यांची पारख मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. उसाचं पाचट जळतं त्याचा धूर पांढरा, जाड, एका जागी उभा राहतो. गवताचा धूर करडा असतो आणि जमिनीलगत सरकतो. विटभट्टीचा धूर दिवसभर एकाच जागी असतो, त्याची नोंद करायची नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईंच्या वहीत प्रत्येक दिवसाला एक ओळ होती. तारीख, ऊन, वल, वारा, धूर कुठं दिसला, किती वाजता, कुणाला कळवलं, किती वाजता विझला.

"हे कधीपासून करताय?"

"अत्याबाई भाजल्यापासनं," त्या म्हणाल्या.

अत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, धोंडाबाई. मालनबाईंचं माहेर बारामतीजवळचं सांगवी. लग्न होऊन या कोरड्या अंगाला आल्या तेव्हा चुलीपासून माळापर्यंत सगळं धोंडाबाईंनीच शिकवलं. नऊ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये धोंडाबाई ओढ्याच्या काठाला जळण गोळा करत होत्या. माळ पेटला. म्हातारीला पळता आलं नाही. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. पुढं ती तीन वर्षं जगली, पण उंबऱ्याबाहेर स्वतःच्या पायानं कधी गेली नाही.

"त्या दिवशी धूर समद्यांनी बघितला हुता," मालनबाई म्हणाल्या. "मीबी बघितला. म्हनलं, आसंल कुणाचं तरी पाचट. निमगावच्या बाजारात लोकांनी बघितला, रस्त्यावरच्या यष्टीतनं बघितला. पर कुणीच कुणाला इचारलं न्हाय, ते काय जळतंय आन कुणीकडं चाललंय. अर्धा तास हुता हातात. अर्ध्या तासात अत्याबाईला पाठीवर घिऊन आली असती मी."

सासूची सेवा करता करताच त्यांनी टेकडीवर जायला सुरुवात केली. आधी शेळ्या चारायच्या निमित्तानं. मग लेकीनं, अंजलीनं, शाळेतल्या उरलेल्या वह्या दिल्या आणि फोनवर गट करून दिला. धूर दिसला की मालनबाई गटावर बोलून टाकायच्या, "तळ्याच्या वरच्या अंगाला धूर हाय, कुणाचा हाय ते सांगा." पहिल्या वर्षी लोक हसले. बाईला उद्योग नाही म्हणाले. तिसऱ्या वर्षी गटात सात वाड्या होत्या. पुढं वनरक्षक म्हणून रोहिणी आली, अवघी सव्वीस वर्षांची. तिच्या फोनवर उपग्रहाकडून आगीचे लाल ठिपके यायचे. तिनं दोन महिने ते ठिपके आणि मालनबाईंची वही ताडून बघितली. मालनबाई बहुतेक वेळा तास-दीड तास पुढं होत्या. तिनं वरिष्ठांना पटवून त्यांना उन्हाळ्यापुरतं रोजंदारीवर घेतलं. माझा नंबरही तिनंच दिला होता.

आता तो दिवस सांगतो.

त्याच वर्षीची, एप्रिलची सतरा तारीख. दुपारी एकला बारामतीत पारा एक्केचाळीसवर होता. मालनबाईंना मी आर्द्रता सांगितली, अकरा टक्के. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. दोन वाजून वीस मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला. माळाच्या मावळतीच्या कडेला गेणबांच्या बांधावर पांढरा धूर उठला होता. गेणबा म्हणजे त्याच वाडीतले सत्तरीचे बागायतदार. तुटून गेलेल्या उसाचं पाचट पेटवून ते गडी मागं ठेवून जेवायला गेले, आणि गडी सावलीला बसला. मालनबाईंनी गेणबांना फोन लावेपर्यंत पांढऱ्या धुराच्या पुढं करडा धूर सरकायला लागला होता. आग माळात शिरली होती.

पश्चिमेच्या वाऱ्यानं ती पूर्वेकडं पळाली. लांबट, चिंचोळी, सापासारखी. रोहिणी पाच मजुरांना घेऊन वीस मिनिटांत पोहोचली. आगीच्या तोंडापुढं उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून ते आगीच्या उत्तर बाजूनं लिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी कड झोडपत निघाले. तिथं ज्वाळा गुडघ्याएवढ्याच होत्या. काम शिस्तीत चाललं होतं. त्यांच्या पाठीमागं, उत्तरेला, अर्ध्या मैलावर वाडीची चौदा घरं आणि द्राक्षाच्या बागा.

पावणेचारच्या सुमाराला मालनबाईंनी दक्षिणेकडं बघितलं. माळशिरसच्या अंगाला ढग चढला होता आणि त्याच्या पायाशी तांबूस पट्टा दिसत होता. त्यांनी मला फोन लावला.

"सर, नीरेकाठच्या तुमच्या यंत्रावर वारा कसाय?"

"तुमच्याकडं काय दिसतंय?"

"चिमणीचा धूर अजून उगवतीलाच वाकलाय. पर खाली धूळ उठलीया. मला काय ती बरी वाटंना."

मी पडदा बघितला. नीरेकाठच्या केंद्राचा नवा आकडा नुकताच आला होता. दहा मिनिटांपूर्वी तिथं पश्चिमेचा वारा होता. आता दक्षिणेचा झाला होता, झोत ताशी चव्वेचाळीस, तापमान सहा अंशांनी खाली.

"वारा फिरलाय, मालनबाई. दक्षिणेचा झालाय, जोरदार. तुमच्याकडं यायला फार तर पंधरा मिनिटं."

त्यांनी फोन ठेवला नाही. दुसऱ्या हातातल्या, खात्यानं दिलेल्या वॉकीटॉकीवर त्यांनी रोहिणीला गाठलं. त्यामुळं पुढचं सगळं मी बारामतीत खुर्चीवर बसून ऐकलं.

"रोहिणी मॅडम, काम सोडा. नीरेकडनं वारा येतोय."

"मावशी, अजून थोडंच राहिलंय. इकडं वारा पश्चिमेचाच आहे."

"अजून पश्चिमेचा हाय. मागनं फिरंल. ही समदी कड एकदम तुमच्या अंगावर येईल."

मग रोहिणीचा आवाज, "ठीक आहे, आम्ही वाडीकडं पळतो. गाड्या तिकडंच आहेत."

"न्हाय!" मालनबाई ओरडल्या. तेवढा मोठा आवाज मी त्यांचा पुन्हा कधी ऐकला नाही. "तिकडं पळू नका! तिकडं समदं वाळलं गवत हाय, आग तुमच्यापक्षा जोरात पळंल. आगीतनं पलीकडं जावा. जळून गेलंय तितं. काळ्यात शिरा, काळ्यात!"

"आगीतून?"

"गुडघाभर जाळ हाय आत्ता. तोंडाला फडकं बांधा, डहाळ्यांनी दाबा आन उडी मारा. रोहिणी, पोरी, माझं ऐक. मला हितनं दिसतंय."

त्यानंतर वॉकीटॉकीवर नुसती खरखर. मालनबाई मोजत होत्या. "एक गेला. दोन. मॅडम थांबल्याती, बाकीच्यांना पुढं घालत्यात... चार... पाच..." त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "गेली. मॅडम गेली." आणि पाठोपाठ बांबूवरची चिंधी फाडकन उलटी झाल्याचा आवाज आला.

वारा फिरला. मघाशी गुडघाभर असलेली मैलभर लांबीची कड पुरुषभर उंच झाली आणि उत्तरेकडं निघाली. जिथं पाच मिनिटांपूर्वी सहा माणसं उभी होती, तिथून ती गेली. त्यांच्या उभ्या केलेल्या दोन मोटारसायकली जळाल्या. माणसं गरम राखेत, ओली फडकी तोंडाला लावून बसून राहिली. एकाच्या पोटऱ्या भाजल्या, रोहिणीच्या हाताला फोड आले. बाकी सगळे धडधाकट.

वाडीला मालनबाईंनी गटावर आधीच सांगून ठेवलं होतं. जनावरं सोडा, म्हाताऱ्यांना रस्त्यावर न्या. आणि वाडीच्या वर नांगर फिरवायला ट्रॅक्टर पाहिजे. ट्रॅक्टर आला तो गेणबांचा. ते स्वतः चालवत होते. त्यांनी वाडीच्या कडेनं सरळ रेष धरली आणि धुरात दिसेनासं होईपर्यंत नांगराचे तास मारत राहिले. तीन फेऱ्यांत दहा-बारा हात रुंदीचा पट्टा उघडा पडला, तांबडी माती वर आली. आग त्या मातीपर्यंत आली आणि तिथं तिला खायला काही मिळालं नाही. चार ठिकाणी ठिणग्या पलीकडं पडल्या, त्या बायकांनी घागरींनी विझवल्या. साडेपाचला मालनबाईंनी वहीत विझल्याची वेळ घातली आणि मग खाली उतरल्या.

दोन दिवसांनी मी वाडीत गेलो. मालनबाईंच्या अंगणात चहा घेत होतो, तेवढ्यात गेणबा आले. पांढरा पटका, भुवया जळालेल्या. मालनबाईंसमोर बसले. मग म्हणाले, "मालनबाई, वहीत काय लिवलंस?"

"खरं हाय ते लिवलंय, आबा."

"माझं नाव?"

"व्हय."

गेणबांनी मान खाली घातली. मालनबाईंनी आत जाऊन वही आणली आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. "आग गेणबाआबांच्या बांधावरनं निघाली, पाचट पेटवून राखण नीट ठेवली न्हाय. वाडीच्या वर नांगरट गेणबाआबांनी केली, म्हणून घरं वाचली." वही मिटून त्या म्हणाल्या, "दोन्ही तुमीच केलं, आबा. मग दोन्ही लिवायला नको?"

म्हातारा रडला. पंच्यानं डोळे पुसत म्हणाला, "नुसती माझी चूक लिवली असतीस तरी मी काय बोललो नसतो."

पंचनाम्याच्या वेळी त्यांनी स्वतःहून उभं राहून चूक कबूल केली. त्या पावसाळ्यात त्यांनी पाचट जाळायचं सोडून ते कुजवायला सरीत ठेवलं. आता आजूबाजूच्या वाड्यांमध्ये कुणाला काही पेटवायचंच असेल तर तो आधी मालनबाईंना फोन करतो, आणि त्या मला वारा विचारून हो किंवा नाही सांगतात. त्यांचा नकार कुणी मोडत नाही. ती मोठी आग लागली त्या वर्षी माळाला तेरा आगी लागल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात चार लागल्या, त्यातली एकही दोन एकरांच्या पुढं गेली नाही.

मी त्यांना एकदा विचारलं, काळ्यात शिरायचं तुम्हाला सुचलं कसं? कुणी शिकवलं होतं?

"खोकडानं," त्या म्हणाल्या. "एका वर्साला माळ पेटला तवा खोकड बघितलं हुतं. आगीपुढं पळत हुतं बिचारं. मधीच थांबलं, मागं फिरलं, आन जाळावरनं उडी मारून राखंत जाऊन बसलं. समदं इझल्यावर अंग झटकून गेलं निघून. मी म्हनलं, ह्याला कळतंय, आपल्याला कळाया नको?"

यंदाच्या एप्रिलमध्ये इंदापुरात मालनबाईंचा सत्कार ठरला होता. दुपारी दोनचा कार्यक्रम, मांडव, पाहुणे, शाल. रोहिणीनं जीप पाठवली. मालनबाईंनी मला फोन केला, आर्द्रता विचारली. मी नऊ टक्के सांगितली. त्यांनी जीप तशीच परत पाठवली.

संध्याकाळी पाचला रोहिणी शाल आणि नारळ घेऊन टेकडी चढून आली. मीही बरोबर होतो. तिनं शाल उघडली तर मालनबाई म्हणाल्या, "थांब जरा," आणि डोळ्यांवर हात धरून त्यांनी एकदा सगळा माळ बघून घेतला. मग पदर सावरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.