पांढऱ्या पेशीचा कान

तीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या लिहिल्या, की छापून आलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साठतं. त्यातलं निम्मं एकट्या ढोकीच्या नसरीनचं! बाप साखर कारखान्यात फिटर, लेक एचआयव्हीवर संशोधन करणारी. आणि मोठ्या शहरांतले संपादक आम्हाला विचारतात, "तुमच्याकडं बातमी काय असते हो?"

*

मुलाखतीला ढोकीत गेलो. ती ‘सीसीआर-फाइव्ह रिसेप्टर’ म्हणाली आणि माझं पेनच थांबलं.

"काका, कारखान्याच्या यार्डात लाउडस्पीकरवर नंबर पुकारला की ट्रॅक्टर हलतो ना? तसंच शरीरात सूज आली की रसायनाची हाक जाते. रिसेप्टर म्हणजे पांढऱ्या पेशीचा कान. हाक ऐकली की पेशी तिकडं धावते. पण एचआयव्ही लबाड! तोच कान धरून आत शिरतो."

तिचे अब्बा शेजारी बसलेले. म्हणाले, "मग बोळा घाल की कानात!"

"तेच तर काम हाय, अब्बा. तसली एक गोळी हाय, पण सगळ्यांना चालत न्हाय. आम्ही आणखी चांगली शोधतोय."

पोरीची सगळी पीएचडी फिटरनं चार शब्दांत आटोपली!

*

बातमी पाठवली. डेस्कवरून फोन. "रिसेप्टर कोण वाचणार? ‘ढोकीच्या लेकीनं एड्सचं औषध शोधलं’ असं करू. पहिलं पान!"

"शोधलेलं नाही अजून."

"थोडं पुढं-मागं चालतं हो!"

"तुमच्या लग्नपत्रिकेत तारखेचं चालवलं होतं का?"

*

मला वाटलं, नसरीनला सांगावं, खूश होईल. ती कडाडली, "ते वाचून कुणी चालू गोळ्या सोडल्या तर? मग बातमीच नको!"

इथं नळाच्या उद्घाटनाचा फोटो छापा म्हणून चार-चार फोन येतात. आणि ह्या पोरीनं पहिलं पान लाथाडलं! मीही अडून बसलो. शेवटी आतल्या पानावर एक कॉलम मिळाला. शेवटची ओळ तिची: ‘संशोधन चालू आहे, रुग्णांनी गोळ्या बंद करू नयेत.’

*

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका पेपरात आठ कॉलम: ‘एड्सचा खात्मा!’

आमचे साहेब गरजले, "बातमी आपली, आणि तुम्ही झोपलात?"

"झोपलो नाही साहेब, जागा होतो. म्हणूनच लहान छापली."

*

दोन दिवसांनी एक माणूस ऑफिसात आला. गाव लिहीत नाही. हातात दोन्ही पेपर.

"ह्यातलं खरं कंचं?"

मी आमच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं ती दोनदा वाचली.

"तुमीच लिवलं व्हय?"

"ढोकीच्या पोरीनं लिहिलं. मी छापून आणलं."

तो खुर्चीत बसला. खिशातून रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची डबी काढली.

"सायेब, जरा पानी देता?"