मोठ्याबाबाचा जोडा

दोन पायांत दोन वेगळे जोडे घालून मी अकोल्याच्या कोर्टात उभा राहिलो, आणि ते माझ्याआधी मुन्सफसाहेबांच्या लक्षात आलं. डाव्या पायात माझा काळा पंपशू, उजव्यात थोरल्या भावाचा तांबडा. पहाटे अंधारातच अमरावतीहून निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलली... वकिलाचं लक्ष अशिलाच्या खिशाकडे, पायांकडे कोण बघतो! सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो.

भूतखेत, अंगात येणं, या गोष्टींची मी जन्मभर टिंगल केली. म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो.

आमच्या सहा वर्षांच्या कुमुदला गोवर निघाला होता. घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा डहाळा. पुरळ मावळलं तशी दहीभात दाखवून देवीची पाठवणी केली आणि आम्ही निर्धास्त झालो. पोर मात्र झोपूनच होती. बायको म्हणाली, हिचं लक्षण मले ठीक दिसत नाही, आज जाऊ नका. अशक्तपणा आहे, असं सांगून मी त्या पहाटे अकोल्याला निघालो.

दुपारी तिला झटके आले. त्याच्या जरा आधी, मिटल्या डोळ्यांनीच ती स्वच्छ बोलली —

"बाबाच्या एका पायात मोठ्याबाबाचा जोडा हाय. लोक बाबाले हसून राहिले."

भाऊ, म्हणजे तिचा मोठाबाबा, त्या दिवशी घराबाहेर पडलाच नव्हता. त्याचा जोडा गेल्याचं घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी परतलो, तेव्हा माझे पाय बघून बायकोनं उंबऱ्यातच मला पोरीचे ते शब्द सांगितले.

डॉक्टर म्हणाले, पुरळ गेल्यावरही गोवराचा ताप कधी कधी मेंदूत उतरतो. पोर वाचली. आता चालते, जेवते, हाक मारली की बघते. पण त्यानंतर एक शब्द बोलली नाही. तापात मुलं बरळतात, असंही डॉक्टर म्हणाले. इतकं नेमकं बरळतात? — असं विचारलं, तर ते औषधाची चिठ्ठी लिहू लागले.

पुढच्या तारखेला मी मुद्दाम तेच दोन जोडे घालून अकोल्याला गेलो. फलाटावर मिरवलो, वकिलांच्या खोलीत पाय पुढे करून बसलो. लोक पोटभर हसले. घरी आल्या आल्या विचारलं, काही बोलली का?

बायकोनं खाली बसून माझ्या पायातला तांबडा जोडा काढला. मग म्हणाली,

"आता नका असं करू. ती शेवटचं बोलली तेही तुमच्याबद्दलच बोलली. मी तं तिच्या उशाशीच बसून होती."