गोणपाटातली हायड्रेंजिया

"हिची काही काळजी नाही हो. कुठेही ठेवा, तक्रार म्हणून करायची नाही."

मुंबई विमानतळाच्या काचेच्या दाराशी आत्या माझ्या सासूबाईंना सांगत होती. मी दोन पावलांवर ट्रॉली धरून उभी होते. आत्याने कौतुकच केलं होतं, नव्या कपाटाचं करतात तसं. बाबा पासपोर्ट तिसऱ्यांदा तपासत होते. आई एवढंच म्हणाली, "तिथे गेल्यावर बोलत जा गं." मी मान हलवली.

शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या. घरी इंग्रजी शब्द आला की चुलतभाऊ "आली मडम" म्हणायचे. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. त्यालाच सगळे गुणी मुलगी म्हणू लागले, आणि मीही ते खरं मानलं.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले ती २००५ साली, डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नोकरी करायची नाही. माझा नवरा निखिल सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा आणि मी टाउनहाउसमध्ये डिशवॉशरचा आवाज ऐकत बसायची. नाशिकला, माहेरच्या तुम्हा सगळ्यांना फोनवर "मस्त चाललंय" सांगायची. तुमच्यापैकी जे असेच अमेरिकेत कुठे रेडमंडला, कुठे श्रूजबरीला गेलात, तेही हेच सांगत असाल.

घरामागे आधीच्या मालकांनी लावलेली हायड्रेंजियाची, गोल गुच्छांनी फुलणारी, तीन झुडपं होती. थंडी लागण्याआधी ती गोणपाटात कशी गुंडाळायची, हे शेजारच्या डोनाने मला दाखवलं. ती सत्तरीची, कमी बोलणारी बाई. आमचं जमलं. दुसऱ्या हिवाळ्यात मी एकटीने तिन्ही झुडपं गुंडाळली. त्या घरात मी स्वतः केलेलं ते पहिलं काम.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. पाडव्याला त्यांनी मागच्या पॅटिओवर गुढी उभारली, मग झुडपांकडे बघून म्हणाल्या, "सणाचं दारात हे काय प्रेतासारखं गुंडाळून ठेवलंय? चैत्र लागला, आता कसली थंडी." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गोणपाट सोडून धुवायला टाकलं. मी बघत राहिले. पुढचे दोन आठवडे छान ऊन पडलं, पोपटी पानं फुटली. त्या मला रोज खिडकीतून दाखवायच्या, "बघ, मोकळा श्वास घेतायत."

एप्रिलच्या सुरुवातीला टीव्हीवर सांगितलं, आज रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जाणार, झाडं झाका. मी सोफ्यावर होते. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. उठून झाकायला गेले असते, तर त्यांना 'तुम्ही चुकलात' असं म्हटल्यासारखं झालं असतं. मी उठले नाही.

सकाळी सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळी पडून लोंबत होती. सासूबाई फोनवर माझ्या नणंदेला म्हणाल्या, "दिवसभर घरीच तर असते. तीन झाडं सांभाळता येत नाहीत."

निखिल म्हणाला, "अगं, डेड आहेत ती. काढून टाकू, नवी आणू."

डोनाने मात्र एका फांदीची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. खाली, मातीजवळ खरवडली, तिथे हिरवी रेघ. "मे संपेपर्यंत कापू नकोस," ती म्हणाली, "खतही घालू नकोस. पाणी दे आणि थांब." मी बुंध्याशी सुक्या पानांचा थर दिला. रोज सकाळी नखाने नाही, नुसत्या बोटाने चाचपायची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन झुडपांच्या तळाशी मातीतून टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले. मी कोणालाच सांगितलं नाही. नेहमीप्रमाणे.

त्या शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. शुभाकाकू, निखिलच्या मित्राची आई, प्रसादाला मदत करायला लवकर आल्या होत्या. मी रवा भाजत असताना मागून फावड्याचा आवाज आला. बाहेर गेले तर पहिलं झुडूप गवतावर आडवं पडलेलं. निखिल म्हणाला, "गेस्ट येतायत, यार. किती वाईट दिसतं ते." मी झुडूप उचललं. मुळाशी पाच कोंब होते. दोन फावड्याने तुटले होते.

सासूबाई दारात येऊन शुभाकाकूंना सांगत होत्या, "हिच्या हाताला झाडं लागतच नाहीत. असतो एकेकाचा हात."

नाशिकहून फोन आला की अजून विचारता, घरी कधी येणार? तिथल्या माझ्या खोलीत आता दादाचा कॉम्प्युटर आहे. इथल्या घराच्या कागदांवर माझं नाव नाही. कुठलं घर माझं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आता एवढं कळतं, की माझ्या गप्प बसण्याने जिथे काहीतरी मरतं, तिथे मी पाहुणी नाही. यात आनंदाचं काही नाही. नाशिकला मी गप्प राहिले तर कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या दिवशी यातलं काहीच सुचलं नव्हतं. हातात मुळं होती, माती साडीवर सांडत होती, आणि आत रवा करपल्याचा वास येत होता. मी म्हणाले, "आई, गोणपाट तुम्ही काढलंत. आणि थंडी येणार हे माहीत असून मी गप्प बसले. चूक दोघींची आहे. निखिल, फावडं खाली ठेव. उरलेल्या दोन झाडांना कोणी हात लावायचा नाही."