खुर्ची जाईल तिथे बैठक

विशेष शिक्षिका आहे म्हटलं की लोक आधी हळहळतात. "किती पुण्याचं काम करता हो मॅडम!" म्हणतात आणि चहा पाजतात. आता त्यांना काय सांगू? पुण्याचं मला माहीत नाही, पण पोट दुखेपर्यंत हसायला मिळतं हे नक्की! चार विशेष शिक्षक कुठे एकत्र बसू द्या, पहिल्याचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचं तोंड उघडलेलं असतं. माझ्याकडे तर इतके साठलेत की कुठून सुरू करावं हाच प्रश्न आहे.

आम्ही तिघं. खेडकर सर, नजमा आणि मी. चिखली तालुक्यातली गावं आम्ही वाटून घेतलीयत. दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत घालायचं आणि तिथे टिकवायचं, हे आमचं काम. मध्यंतरी त्यात आणखी एक भर पडली. शाळांच्या इमारती सगळ्या मुलांना वापरता याव्यात म्हणून दिल्लीत नवे नियम लिहायला घेतले होते, आणि गावातल्या मुलांचं म्हणणं तिथवर पोचवायची जबाबदारी आमच्यावर आली.

खेडकर सर आमच्यात सगळ्यात जुने. कायदा त्यांना तोंडपाठ. कुठलीही अडचण सांगा, ते बोट वर करतात आणि म्हणतात, "कायद्यात आहे!" एसटीत बसायला जागा मिळाली नाही तरी हेच!

*

एका शाळेत आम्ही वर्षभर मागे लागून रॅम्प बांधून घेतला. उतार अगदी मापात, दोन्ही बाजूंना कठडा, रंगसुद्धा दिलेला. खेडकर सर एवढे खूश की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुद्दाम वाट वाकडी करून मला रॅम्प दाखवायला घेऊन गेले.

बघतो तर काय, वरपासून खालपर्यंत साड्या अंथरलेल्या आणि त्यावर कुरडया!

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्याच. "हा उतार लय कामाचा हाये बाप्पा! ऊन सरळ पडते, कुरडया दोन दिसात कडक! तुमीच बांधून देल्ला म्हन्तात. देव भलं करो तुमचं."

खेडकर सरांचं बोट वर जाता जाता थांबलं. कुरडया कायद्यात नव्हत्या!

येताना मावशींनी आम्हाला पिशवी भरून दिल्या. चांगल्या झाल्या होत्या, खोटं का बोला.

*

नजमा कर्णबधिर मुलांना शिकवते. ही मुलं प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव देतात, आणि त्यांची नजर फार तिखट असते. खेडकर सरांचं नाव म्हणजे वर केलेलं बोट. माझं नाव म्हणजे कपाळावर आठी! मी नजमाला म्हटलं, हे बदलून घे. ती म्हणाली, "मॅडम, नाव मागून मिळत नाही, कमवावं लागतं."

आमचे एक साहेब होते. प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं: तळहातावर गाल टेकवायचा आणि डोळे मिटायचे.

एकदा साहेबांनी ते पाहिलं. नजमाला विचारलं, "हे माझ्याबद्दल काही म्हणतायत का?"

नजमा क्षणभरही अडखळली नाही. "हो सर! तुमचं नाव आहे ते. कायम विचारात गढलेला माणूस!"

साहेब भरून पावले. पुढच्या कार्यक्रमात ते माईकसमोर आले, मुलांकडे बघून छातीवर हात ठेवला, मग गाल तळहातावर टेकवून शांतपणे डोळे मिटले. कर्णबधिर मुलांची रांगच्या रांग सतरंजीवर लोळायला लागली! साहेब बदली होईपर्यंत सगळ्यांना सांगायचे, "मुलांना माझा फार लळा."

*

आता दुर्गा. अमडापूरच्या पुढच्या एका लहानशा गावात तिच्या वडिलांची वांग्या-टमाट्याची वाडी आहे. दुर्गाच्या पायांत जन्मापासून बळ नाही, त्यामुळे ती व्हीलचेअरवर असते. पायांची सगळी कसर तिनं तोंडानं भरून काढलीय.

तिच्या शाळेत दिव्यांग मुलांसाठी वेगळा संडास झाला. आत टाइल्स, धरायला स्टीलचे बार. आणि बाहेर हे एवढं कुलूप! दुर्गानं हेडसरांना विचारलं, उघडत का नाही म्हणून.

हेडसर माणूस वाईट नाही हो. पण नव्या वस्तूवरचं प्लास्टिक न काढणाऱ्या जातीचा. म्हणाले, "अगं, पोट्टे घाण करतात. तपासनीले साहेब आले का उघडतो."

दुर्गा म्हणाली, "मंग मले लागली का साहेबाले फोन लावत जाऊ का सर? या म्हून?"

दुपारी कुलूप निघालं.

*

दिव्यांग दिनाचा कार्यक्रम होता. स्टेज चांगलं पुरुषभर उंच, आणि वर जायला पायऱ्या! दिव्यांग दिनाला! खेडकर सरांचं बोट तेव्हा जे वर गेलं, ते आभारप्रदर्शनापर्यंत खाली आलं नाही.

सत्कारमूर्ती दुर्गा. तिच्या वर्गातल्या चार पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "फोटो हलला! एकडाव खाली ठेवून पुन्हा उचला!"

पोरांनी खरंच खुर्ची खाली न्यायला धरली. दुर्गा म्हणाली, "दादा, मले राहू द्या. त्या पाहुन्याईले उचला. ते काई हलत नाईत!"

*

आणि आमचा स्वतःचा पराक्रम तर विचारूच नका.

दिल्लीच्या मसुद्यावर मुलांची मतं गोळा करायला आम्ही बुलढाण्यात बैठक ठेवली. विषय: सुगम इमारती, म्हणजे सगळ्यांना सहज आत जाता येईल अशा. हॉल ठरवायचं काम खेडकर सरांकडे. सरांनी हॉल बघितला, पंखे बघितले, माईक बघितला, जेवणात वांग्याची भाजी आहे ना तेही बघितलं. बैठकीच्या दिवशी मुलं जमली, पालक जमले, आणि कळलं की हॉल दुसऱ्या मजल्यावर! लिफ्ट होती. तिच्यात हॉलवाल्यानं गाद्या भरून ठेवल्या होत्या.

दुर्गानं खालून वर बघितलं. मग सरांकडे बघितलं. "सर, हे कायद्यात हाये का?"

खेडकर सर एवढे ओशाळलेले मी कधी पाहिले नव्हते. शेवटी आम्ही खाली पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या आणि मोटरसायकलींच्या मधे बसून बैठक घेतली. आणि खरं सांगते, इतकी चांगली बैठक आमची आजवर झाली नव्हती! रस्त्यानं जाणारे थांबून आपापली मतं देत होते. हॉलवाल्यानंसुद्धा दिलं!

त्या दिवशी सरांनी नियमच करून टाकला. आपली बैठक कुठेही असो, दुर्गाची खुर्ची जाईल तिथेच व्हायची. खुर्ची जात नसेल, तर आपणही जायचं नाही.

*

आता हा हसायचा किस्सा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचा कळायचा नाही.

दुर्गाच्या शाळेत सहावीपर्यंतचे वर्ग खाली भरतात आणि सातवी, आठवी वर. मध्ये अरुंद जिना. स्नेहसंमेलन वरच्या हॉलमध्ये व्हायचं तेव्हा तीच चार पोरं तिला उचलून न्यायची. एकदा जिन्यात एकाचा पाय घसरला. खुर्ची कलंडता कलंडता वाचली. त्यानंतर दुर्गा परत त्या जिन्यावर गेली नाही. तिच्या आईनंही सांगून टाकलं, माझी पोरगी आता जिन्यावरून जाणार नाही.

हेडसरांनी तोडगा काढला. सातवीपासून दुर्गानं घरीच शिकावं, आम्ही आठवड्यातून एकदा जाऊन शिकवावं. मी म्हटलं, त्यापेक्षा सातवीचा वर्ग खाली आणा. खाली जागा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. जागा होती! प्रवेशद्वाराशेजारी हेडसरांचं कार्यालय, सगळ्यात मोठी खोली. लोखंडी कपाट आत जावं म्हणून दारही रुंद करून घेतलेलं. उंबरासुद्धा काढलेला! मी म्हटलं, सातवी इथे आणा आणि कार्यालय वर न्या.

हेडसर दुखावले. "मॅडम, कार्यालय म्हंजे शाळेचं तोंड. तोंड कोनी वर हलवते का? अन् माह्या गुडघ्याचं काय?"

लोखंडी कपाटासाठी दार फोडता येतं, पण पोरीसाठी टेबल हलत नाही! मला इतका संताप आला की कपाळावरची ती आठी कायमची झाली असावी.

पुढच्या खेपेला दुर्गानं खेडकर सरांना बाजूला बोलावलं. "सर, मले सहावीत नापास करता येते का?"

"काऊन वं?"

"पास झाली का घरी बसा लागन. नापास झाली तं खालीच राह्यते. मैतरनी जातीन वर, पन शाळा तं राहीन."

वर्गात नेहमी पहिल्या तीनात असणारी पोरगी हे विचारत होती. खेडकर सरांनी बोट वर केलं नाही. बराच वेळ तिच्या खुर्चीचं चाक उगाच पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "सहावीत नापास करायचं... कायद्यात नाही, बाळा."

हे सगळं सरांनी मला परतताना एसटीत सांगितलं.

*

मार्चमध्ये निरोप आला. मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एक मॅडम दिल्लीहून येणार, मुलांशी बोलणार, आणि त्यासाठी दुर्गाचीच शाळा निवडलीय!

हेडसरांनी कंबर कसली. वरचा हॉल सजवला. गालिचे, बॅनर, लाउडस्पीकर, शाल-श्रीफळं. मी तीनदा सांगितलं, सर, कार्यक्रम खाली घ्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "दिल्लीचा पाहुना हाये मॅडम, व्हरांड्यात बसवू का?"

मॅडम आल्या. औक्षण झालं, फुलं झाली. हेडसर त्यांना जिन्याकडे घेऊन निघाले आणि जाता जाता त्या चार पोरांना डोळ्यांनी खुणावलं. पोरं आली, खुर्चीला हात घातला.

दुर्गानं खाडकन ब्रेक लावला. "आज नाई."

हेडसर कुजबुजले, "अवं, पाच मिनिटाचं काम हाये!"

तेवढ्यात खेडकर सर पुढे झाले. हिंदीत म्हणाले, "मॅडम, हमारा एक नियम है. बैठक वहीं होती है, जहाँ इस लड़की की कुर्सी जाए."

मॅडमनी जिना बघितला, दुर्गाला बघितलं, आणि पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला. "अच्छा नियम है. तो कहाँ चलें?"

खालचे वर्ग पोरांनी गच्च भरलेले. व्हरांड्यात ऊन. दुर्गानं ब्रेक काढला, खुर्ची वळवली आणि उघड्या रुंद दारातून सरळ कार्यालयात शिरली! मॅडम तिच्या मागे, आम्ही मॅडमच्या मागे, आणि सगळ्यात शेवटी शाल हातात घेऊन हेडसर.

आत मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. मॅडमनी खोली नीट बघितली. रुंद दार, सपाट फरशी, भरपूर उजेड. म्हणाल्या, "कमरा तो बहुत अच्छा है. ये क्या है?"

हेडसर तोंड उघडणार, त्याआधीच दुर्गा बोलली. आवाज अगदी गोड.

"ये हमारा सातवी का वर्ग हाये, मॅडम. जून से."

नजमानं माझा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी फुटायची बाकी राहिली.

मॅडम उठल्या आणि हेडसरांसमोर हात जोडले. "सर, मैं इतने स्कूल घूमी हूँ. बच्ची के लिए अपना सबसे अच्छा कमरा देनेवाले आप पहले मिले! ये तो सबको बताना पड़ेगा." फोटो निघाला. हलला नाही. हेडसर जागचे हललेच नव्हते!

मग मॅडमनी सहज विचारलं, "और ऑफिस कहाँ है आपका?"

हेडसरांनी दुर्गाकडे बघितलं. कपाटाकडे बघितलं. स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. हळूहळू त्यांचं बोट छताकडे गेलं.

"ऊपर है, मॅडम."

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली. हेडसर कार्यालयाच्या दारात तसेच उभे. आम्हा तिघांपैकी कोणाचीच त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. दुर्गानं मात्र खुर्ची त्यांच्यापाशी नेली, आतलं ते भलंमोठं टेबल एकदा डोळ्यांनी मापलं आणि म्हणाली,

"सर, टेबल वर न्याले चार जन लागतीन. थांबा, पोराईले बोलावते. त्याईले सवय हाये."