मार्थाआत्यानं वाचलेलं पत्र

माझ्या आत्यानं भर उपासनेत खोटं वाचलं. माझ्या नावानं.

आज तिला जाऊन वर्ष झालं आणि मी अजून तिच्यावर चिडलेली आहे. गोड पोस्ट हवी असेल तर पुढे जा.

मार्थाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वडूजला नर्स होती. लग्न केलं नाही. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

तरुणपणी तिला स्वतःलाच मिशनच्या कामासाठी परदेशी जायचं होतं. "बाईमाणूस एकटं कुठं जातंय," म्हणून घरच्यांनी विषय संपवला.

मग मी सांगलीची लॅबमधली नोकरी सोडून वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या मलावीला व्हॉलंटियर म्हणून निघाले. वडूजच्या आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चच्या चाळीसेक माणसांतून, परदेशी जाणारी मी पहिलीच.

हार झाले, ग्रुप फोटो झाला, पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना केली. फोटोत आत्या सगळ्यांच्या पुढे. जणू तीच निघाली होती.

ठरलं असं की मी दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर पत्र पाठवायचं आणि आत्यानं ते पहिल्या रविवारी उपासनेत वाचून दाखवायचं.

अशी पत्रं कशी असतात ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रभूच्या कृपेने सर्व कुशल. रडू येतंय असं कुणी लिहीत नाही.

पहिली दोन मीही तशीच लिहिली.

खरं सांगू? गावाबाहेरचा दवाखाना. लेकरांची वजनं करायची, रजिस्टर भरायचं. भाषेच्या नावानं बोंब. तिथली माणसं भेटली की थांबून नीट विचारपूस करतात, त्यामुळे मी पहिलं वाक्य शिकले ते "मी बरी आहे."

दिवसभर तेच म्हणायचे आणि खोलीत आले की उशीत तोंड खुपसायचे.

एकदा मक्याच्या पिठाची भाकरी थापली. तव्यावर जायच्या आत तिचे तुकडे. त्या तुकड्यांपुढे बसून मी हमसून हमसून रडले.

तिसऱ्या पत्रात सगळं लिहिलं. "मला इथे जमत नाही. मी परत येतेय. मंडळीनं मला माफ करावं."

सोमवारी फोन उघडला तर महिला मंडळाच्या मेसेजेसची रांग.

"किती गं सुंदर पत्र!"

"तिथल्या बायांना भाकरी शिकवतेस ऐकून ऊर भरून आला."

कुठल्या बाया? कसली भाकरी?

आत्याला फोन लावला.

"आत्या, काल तू काय वाचलंस?"

"तुजं पत्र."

"मी असलं काही लिहिलं नव्हतं! चर्चमध्ये उभं राहून खोटं बोललीस तू!"



"खोटं न्हाई बोलले, पोरी. मी तुजं फुडल्या म्हैन्याचं पत्र वाचलं."

मी फोन कट केला. आठ दिवस तिच्याशी बोलले नाही.

पण परतही आले नाही. चाळीस माणसं माझ्यासाठी हात जोडून बसलेली. कुठल्या तोंडानं येणार?

नवव्या दिवशी फोन केला तो फक्त भाकरीसाठी, असं स्वतःला सांगून.

"आगं, पानी उकळून घाल पिठात. गार पान्यानं मक्याची भाकरी कवा झालीया व्हय?"

जमली. फुगलीसुद्धा. माझ्याबरोबर राहणारी तिथली नर्स, ग्रेस, तिनं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, मला शिकव. पुढच्या रविवारी ती शेजारच्या दोघींना घेऊन आली.

चौथं पत्र लिहायला बसले आणि अर्ध्यात थांबले. आत्यानं वाचलेलंच मी लिहीत होते.

मला राग आला. हसूही आलं.

वर्ष संपलं तेव्हा दवाखान्यानं विचारलं, अजून सहा महिने थांबशील का? मी आत्याला विचारलं.

"ऱ्हा की! मला काय धाड भरलीया? लय बरी हाय मी."

तेव्हा ती व्हिडिओ कॉल टाळायची. "क्यामेरा बिघडलाय," म्हणायची. मी ऐकून घेतलं. लॅबमध्ये इतकी वर्षं लोकांचे रिपोर्ट काढले, पण मला शंका आली नाही. कारण मी सुखात होते. हे लिहिताना लाज वाटते.

तिच्या पोटात गाठ होती. तिला माहीत होतं. तिनं सगळ्या मंडळीकडून वचन घेतलं होतं, पोरीला कळवायचं न्हाई.

आमच्याकडे उपासनेनंतरच्या चहात कुणाच्या घरी काय शिजलं तेही लपत नाही. पण हे वचन चाळीसच्या चाळीस माणसांनी पाळलं.

वाढीव सहा महिन्यांतल्या तिसऱ्या महिन्यात ती गेली.

दफन मी मलावीत बसून, पाळकसाहेबांनी लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाहिलं. गीताच्या दुसऱ्या कडव्याला रेंज गेली. परत आली तेव्हा माती लोटून झाली होती. माझी मूठभर माती राहूनच गेली.

लोक म्हणतात, आत्यानं तुझी सेवा वाचवली. वाचवली असेल. पण मला तिच्या उशाशी बसायचं होतं. तिच्या वतीनं घरच्यांनी ठरवलं तेव्हा ती जन्मभर कुढली. आणि माझ्या वतीनं तिनंच ठरवून टाकलं.

तिचा शेवटचा व्हॉइस मेसेज अजून फोनमध्ये आहे.

"बरी हाय मी. जेवतीया. सांजचं अंगणात फिरतीया. काळजी करू नगंस."

पाळकीणबाईंनी नंतर सांगितलं, त्या आठवड्यात तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

आत्या, तेपण फुडल्या म्हैन्याचंच होतं ना गं?

आमच्यात भेटताना आणि निघताना शब्द एकच.

सलाम, आत्या.