नोरीनचा एक टक्का

ब्रिस्बेनच्या आमच्या संस्थेत तळघरातली मायक्रोस्कोपची खोली सव्वीस वर्षं नोरीन टिपेटच्या ताब्यात होती. तिथे लेझरच्या उजेडात जिवंत पेशींतले रेणू हिरवे चमकतात आणि पेशीचा एकेक पातळ थर पडद्यावर दिसतो. नोरीनचा नियम एकच: लेझर एक टक्का, त्याच्या वर नाही. त्यामुळे आमची चित्रं वाळू सांडल्यासारखी रवाळ यायची आणि आम्ही तिच्या नावाने बोटं मोडायचो.

बारा वाजता ती सँडविच घेऊन बागेत जायची आणि अर्धा तास आयबिस पक्ष्यांशी भांडायची. तेवढ्यात मी लेझर चाळीसवर न्यायचे. अहाहा, काय चित्रं यायची! दहा मिनिटांत माझं प्रथिन पेशीच्या कडेवरून थेट केंद्रकात धाव घ्यायचं. माझा गाइड डंकन तर हरखूनच गेला. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते आणि अख्खा प्रबंध या धावेवर उभा होता.

एकदा आयबिसने सँडविचच पळवलं आणि नोरीन लवकर परतली. पडद्याकडे बघून म्हणाली, "छान गं! आणि तू बघत नसतेस तेव्हा काय करतं ते?"

"न बघता कसं कळणार? काहीतरीच तुझं!"

"पेशींची नवी बशी अंधारात ठेव. दहा मिनिटांनी एकदाच बघ. एवढं तर जमेल ना, बाईसाहेब?"

तिचं तोंड बंद करायला मी तसं केलं. प्रथिन जागच्या जागी, ढिम्म. पाच बशा बघितल्या, पाचही तशाच. माझ्या उजेडाने पेशी मरत होत्या, म्हणून ते धावत होतं. मी त्यांची तडफड टिपली आणि तिला शोध म्हणत बसले! तिथेच हुंदके देऊन रडले.

"सव्वीस वर्षं घसा कोरडा केला मी," असं म्हणून नोरीन चहा आणायला गेली.

प्रबंध दीड वर्ष लांबला. पण डंकनने त्या धावेचं एक चित्र आधीच स्पर्धेला पाठवलं होतं आणि आम्ही ते परत मागेपर्यंत पहिलं आलंसुद्धा! नोरीनच्या निरोप समारंभात, लॅमिंग्टन केक खाताखाता, संचालकांनी तेच चौकटीत घालून तिला दिलं. "तुझ्या खोलीतलं सर्वांत जिवंत चित्र!" टाळ्या पडल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

नोरीन गोड हसली. नंतर हातोडी घेऊन खाली आली आणि लेझरच्या बटणाच्या बरोबर वर, भिंतीला ते टांगलं. "मी गेल्यावर ओरडायला कुणीतरी हवं ना!"

आता ती खोली मी सांभाळते. नवा आलेला प्रत्येक जण त्या चित्रासमोर थबकतो आणि विचारतो, "बाप रे, काय सुंदर! लेझर किती ठेवला होता?"