कातळबाय पाहुण्यांना वाढते

मांडव्याच्या बाजूच्या होड्यांवर जी नावं दिसतात, त्यातली बरीचशी आमच्या अल्पेशने रंगवलेली. अक्षर असं झोकदार की होडी किनाऱ्यावर उभी असूनही निघाल्यासारखी वाटते. पण हा झाला पोटाचा धंदा. जिवाचा धंदा म्हणजे 'कातळबाय'. ही त्याच्या चित्रकथेची नायिका. कासोटा घालून खडकावर उभी राहते, आणि तिच्या छोट्या कोयतीचा एक टोला बसला की भलेभले राक्षस दुभंगतात. अंक माणगावात छापून येतो आणि धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर बिस्किटांच्या बरण्यांशेजारी टांगला जातो. लाँचची वाट बघणारी माणसं तो फुकट चाळतात, त्यावर चहा सांडतात आणि मग नाइलाजाने विकत घेतात. अल्पेशचा निम्मा खप चहावर चालतो.

कातळबाय म्हणजे खरं तर त्याची मैना आत्या. ओहोटीला खडकांवर बसून कालवं फोडण्यात तिचा जन्म गेला. नायिकेचा नवा पवित्रा हवा असला की अल्पेश कागद घेऊन तिच्यामागे खडकात जातो. आत्या कोयती उगारून उभी राहते आणि वरून ओरडते, "आटप रं! भरती आली तं तुझी बाय व्हावत जायाची!"

आत्याला वाचता येत नाही. तिची मुलगी रुचिका तिला प्रत्येक अंक मोठ्याने वाचून दाखवते. त्यातलं एक पान आत्याचं फार लाडकं. कातळबायने राक्षसाला लोळवलंय, सगळा गाव ताटं घेऊन थांबलाय, आणि ही बया खडकावर मांडी घालून एकटीच आधी कालवं खातेय. आत्याने ते पान बघून बघून त्याचा चुरा करत आणलाय. "बघ कशी खातंय मेली! कुनाला इचारतबी न्हाय!" असं ती म्हणते आणि एवढी हसते की पदर तोंडाला लावावा लागतो. तिला स्वतःला गरम भाकरी खाताना कुणी पाहिलेलं नाही. आधी पाहुणे, मग पुरुष, मग पोरं, आणि मग टोपात उरलं असेल ते.

आता यात हुझैफा आला. हुझैफा मुरूडचा, तोही चित्रकथा काढणारा. त्याच्या नायकाचं नाव 'वादळ तांडेल'. हा तांडेल आपल्या खलाशांसकट समुद्रातून उगवतो आणि बोलण्याआधी ठोसा मारतो. एक दिवस टपरीवर हुझैफाने प्रस्ताव मांडला.

"भाई, क्रॉसओव्हर करू. मोठी लढाई माझ्या अंकात, तिचा एक तुकडा तुझ्या अंकात. टाय-इन म्हणतात त्याला."

"म्हणजे लग्न तुझ्या घरी आणि जेवणावळ माझ्या अंगणात," अल्पेश म्हणाला.

"माझे वाचक तुझ्याकडे येतील, यार."

"आणि माझी गोष्ट? कुंपणासुराने सगळा किनारा तारेने बंद केलाय. बाय बाहेर अडकलीय. लोक विचारतात, पुढे काय?"

"एक अंक थांबलास तर कुंपण काय पळून जाणार आहे?"

अल्पेश कबूल झाला. आणि चित्रं काढायला बसल्यावर त्याच्याकडून जी चूक झाली, ती आमच्याकडच्या माणसाकडूनच व्हावी. दुसऱ्या मुलखातल्या चित्रकाराने पाहुण्या नायकाला चार चौकटींत गुंडाळून परत पाठवलं असतं. पण आमच्या दारात पाहुणा आला की आम्ही आमच्या घरात परके होतो. तांडेल येणार म्हटल्यावर त्याला मुखपृष्ठ दिलं. पहिला ठोसा यजमानाने मारणं शोभतं का? तो तांडेलला. दुसरा? खलाशीही एवढ्या लांबून आलेले, त्यांना. मधलं मोठं चित्र? तेही त्यांनाच. मग उरली कातळबाय. तिला त्याने मागे चुलीपाशी बसवलं, आणि तिच्या तोंडी वाक्य घातलं: 'आधी पाहुण्यांचं होऊ दे.' हे काढताना त्याचा हात एकदाही अडखळला नाही. लहानपणापासून पाहिलेलंच तो काढत होता.

अंक चहा न सांडताच संपला. अल्पेश छाती काढून आत्याच्या ओटीवर जाऊन बसला. रुचिका वाचू लागली. तांडेलने धाडकन केलं, खलाशांनी फाडकन केलं. आत्याने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "ही कुठं हाय?"

"मागे आहे," रुचिका म्हणाली.

"मागं कुठं?"

"चुलीपाशी."

"आन लढंल कवा?"

रुचिकाने पानं उलटली. शेवटच्या चित्रात हुझैफाच्या गोष्टीतला राक्षस आडवा पडला होता, सगळे वीर पंगतीला बसले होते आणि कातळबाय वाकून वाढत होती.

"खाल्लं का तिनं?" आत्याने विचारलं.

रुचिकाने अल्पेशकडे पाहिलं. अल्पेशने स्वतःच्या चपलेकडे पाहिलं. "आत्या, ते पाहुणे होते ना…"

"व्हय रं. पाव्हनं तं व्हतंच." आत्या जराही रागावली नव्हती. तिने चित्रावरून बोट फिरवलं. "तसंच काढलंस. अगदी माझ्यावानी."

अल्पेशच्या चित्रांना मिळालेली ही सगळ्यांत मोठी दाद. ती ऐकून त्याला ओटीच्या फरशीखाली जाऊन झोपावंसं वाटलं.

पुढच्या ओहोटीला तो कागद घेऊन गेला, तर आत्याने मान वर केली नाही. "आता माझं काय काम? भाकऱ्या थापनारी कुनीबी मिलंल तुला." तेव्हापासून अल्पेश तिच्या घरावरून जाणं टाळू लागला. टपरीवर लोक पाठ थोपटायचे आणि विचारायचे, "तांडेल परत कधी?" प्रत्येक थापेसरशी तो थोडा खाली जायचा. कुंपणासुराचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

हुझैफा दुसऱ्या टाय-इनची योजना घेऊन उत्साहात आला. अल्पेशने त्याला सगळं सांगितलं.

"पण खप वाढला ना?" हुझैफा म्हणाला.

"खप वाढला. पण मालिका तिची होती रे. तिच्याच अंकात मी तिला वाढपी केलं."

हुझैफाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "अम्मीनेही विचारलं होतं, ती मागे चुलीपाशी बसलीय ती कोण? मी म्हटलं, कुणी नाही, यजमान आहे." मग तोही आपल्या चपलेकडे बघू लागला.

दुपारी दोघे आत्याच्या घरी गेले. कालवांचं सुकं शिजलं होतं. आत्याने सवयीने दोन ताटं मांडली. अल्पेशने त्यातलं एक उचलून तिच्यासमोर ठेवलं.

"येडा झालास का? पाव्हना उपाशी आन मी जेवू?"

"आत्या, मी पाहुणा नाही," हुझैफा म्हणाला. "माझा तांडेल तुमच्या हद्दीत घुसला, तुमची लढाई चोरली. मी चोर आहे. चोराला आधी कोण वाढतं?"

आत्या हसली. बऱ्याच दिवसांनी पदर तोंडाला लागला. अल्पेश चुलीपुढे बसला आणि त्याने वेडीवाकडी, नकाशासारखी भाकरी थापली.

"दादा," रुचिका म्हणाली, "हा कुठला जिल्हा?"

तो जिल्हा फुगला नाही, पण गरम होता. आत्याने तो ताटात घेतला, क्षणभर हातात धरला, आणि मग ताटासकट भिंतीकडे वळून बसली.

"बघू नका रं," ती म्हणाली. "लाज वाटतंय."

दोघेही दाराबाहेर बघू लागले. अल्पेशचे कान लाल झाले होते, आणि ते काही चुलीच्या धगीने नव्हे.

कातळबायचा नवा अंक टपरीवर लागलाय. कुंपणाची तार तुटलीय, आणि खडकावर ती आपल्याकडे पाठ करून बसलीय. हुझैफाने विचारलं, "मुखपृष्ठावर हिरॉइनचं तोंडच नाही?"

"जेवतेय ती," अल्पेश म्हणाला.